कॅरन कारपेंटर : गायिका की ड्रमर? मुलीला काय ऐकवू?

मानसी_डोंबिवली

माझी मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीला आहे. तीन वर्षांपासून ड्रम शिकते. घरी प्रॅक्टिस पॅडच, कारण खालच्या मजल्यावर आजी-आजोबा राहतात आणि दुपारी झोपतात.

गेल्या रविवारी सरांनी क्लासमध्ये जुनी चित्रफीत दाखवली. १९७६ सालचा अमेरिकन टीव्हीवरचा कार्यक्रम. त्यात एक सडपातळ बाई या ड्रमसेटवरून त्या ड्रमसेटवर जात वाजवत सुटते, आणि तेही हसत हसत. मुलगी घरी आली ती तिचं नाव घेतच. जेवताना तेच, झोपताना तेच. "आई, ती गायिका म्हणून प्रसिद्ध आहे, पण ती ड्रमर आहे गं!" असं मला चार वेळा सांगून झालं.

मला कॅरन कारपेंटरचं एकच गाणं माहीत आहे, 'येस्टरडे वन्स मोअर'. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला एकीने म्हटलं होतं. आता मुलीबरोबर बसून नीट ऐकावं असं वाटतंय. कुठून सुरुवात करू आणि ऐकताना लक्ष कशाकडे द्यायचं?

दुसरी गोष्ट विचारताना थोडं जड जातंय. तिचं नाव शोधलं की पहिल्या दोन ओळींत तिचा आजार आणि मृत्यू येतो. खाणं तोडत तोडत बत्तिसाव्या वर्षी गेली. माझी मुलगी अलीकडे पोळ्या मोजायला लागली आहे. भात सोडलाय. कदाचित वयाचं असेल, पण मी धसकले आहे. तिला हे सगळं सांगू का? की नुसती गाणी ऐकवू?

सांगलीचा ड्रमर

मानसीताई, मी १९८१ ते १९९६ अशी पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले. गणपती, नवरात्र, उरूस, साखर कारखान्यांचे कार्यक्रम. आता घरीच चार-पाच मुलांना शिकवतो. तुमच्या मुलीला पहिल्याच झटक्यात जे दिसलं ते कळायला मला बराच वेळ लागला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८४ साल असेल. रत्नागिरीचा कार्यक्रम आटोपून आम्ही रात्री मॅटॅडोरने आंबा घाट चढत होतो. बास गिटार वाजवणारा आमचा गडी मडगावचा. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि त्यात कारपेंटर्सची, म्हणजे कॅरन आणि तिचा भाऊ रिचर्ड यांच्या जोडीची, कॅसेट. सगळे पेंगत होते. 'सुपरस्टार' लागलं. मी सवयीने मांडीवर ठेका धरला. ओळ संपली तसा माझा हात फिल मारायला, म्हणजे ओळींमधली जागा ठोक्यांनी भरायला, आपोआप उचलला गेला, आणि तसाच वर राहिला. तिथे काही घालावं असं वाटेचना. ओळ संपली होती, पण बाई अजून त्या शब्दात होती. मी हात खाली घेतला. मडगावकराने ते पाहिलं आणि म्हणाला, "ही मुळात ड्रमर, ठाऊक आहे तुला?" मला ठाऊक नव्हतं. ती आदल्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १९८३ ला, गेली हेही त्यानेच सांगितलं.

तेव्हापासून ती कॅसेट माझ्याकडेच राहिली. त्याने परत मागितली नाही.

तुमच्या लेकीला आवडेल अशी तिची सुरुवात. डाउनी हे लॉस एंजेलिसजवळचं गाव. कारपेंटर कुटुंब १९६३ साली कनेक्टिकटहून तिकडे राहायला आलं. हायस्कूलमध्ये कॅरनला पीटीचा तास नको होता. बँडमध्ये गेलं की तो तास चुकायचा, म्हणून ती बँडमध्ये गेली. तिथे तिच्या हातात ग्लॉकनस्पील दिलं, म्हणजे धातूच्या पट्ट्या हातोडीने वाजवायचं वाद्य. तिचं त्यात मन रमेना. शेजारी ड्रमवाली मुलं होती, ती वाजवताना बघून आपल्याला हेच यायला हवं असं तिने ठरवलं. पुढे घरच्यांनी तिला लडविग कंपनीचा ड्रमसेट घेऊन दिला. जाझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीतला ड्रमर जो मोरेलो तिचा आदर्श होता. ज्या मुलीला पाच मात्रांच्या ठेक्यात रमणारा ड्रमर आवडतो, तिचे कान काय असतील बघा. १९६६ साली भाऊ रिचर्डच्या जाझ त्रिकुटाने हॉलिवूड बोलवरची बँडची स्पर्धा जिंकली. ड्रमवर कॅरन होती, वय सोळा. तुमच्या मुलीहून एकाच वर्षाने मोठी.

१९६९ साली ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने भावाबहिणीला करारबद्ध केलं. पहिल्या अल्बमवर ड्रम सगळे तिचेच आहेत. त्यातलं 'टिकट टू राइड' लावा. बीटल्सचं मूळ गाणं पळतं, यांनी त्याची लय इतकी उतरवली की ते वेगळंच दुःख झालं. तिथे ड्रमही तिचा आणि आवाजही तिचा. मुलीला आधी हे द्या.

पुढच्या मोठ्या गाण्यांवर मात्र बहुतेक ठिकाणी ड्रम हॅल ब्लेनचे आहेत. हा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंतला दादा माणूस. १९७० च्या उन्हाळ्यात चार आठवडे अमेरिकेत पहिल्या नंबरावर राहिलेलं 'क्लोज टू यू' त्याच्याच हाताचं. तो उत्तम वाजवतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १९७३ च्या 'नाऊ अँड देन' या अल्बमवर ती परत ड्रमवर बसली आहे, 'जांबालाया' हे एक गाणं सोडलं तर. त्यातलं 'धिस मॅस्करेड' ऐका. झांजेवर कुठे जोर नाही, कुठे घाई नाही, आणि तरी लय एक केसभरही सैल पडत नाही. १९७५ मध्ये एका अमेरिकी मासिकाच्या वाचकांनी तिला सर्वोत्तम ड्रमर म्हणून निवडलं, तेव्हा रॉकवाल्यांनी नाकं मुरडली. त्यांनी हे गाणं ऐकलं नसावं.

मग तिला ड्रमवरून उठवलं. प्रेक्षकांना गाणारी दिसत नाही, ती झांजा आणि ड्रमच्या मागे लपते, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आधी थोडी गाणी पुढे उभं राहून, मग जवळजवळ सगळीच. ड्रमवर दुसरा माणूस आला. ती स्वतःला गाणारी ड्रमर म्हणवायची, तिला पुढे यायचं नव्हतं. ज्याने आयुष्य ड्रमच्या मागे काढलंय त्याला याचा अर्थ लगेच कळेल. काठ्या हातात असल्या की हातांचं काय करावं हा प्रश्नच पडत नाही. पाय पेडलवर असतात, पाठ भिंतीकडे, समोर आपलंच पितळ आणि लाकूड. तिथून उठून नुसता माईक धरून उभं राहायचं आणि हजार डोळ्यांना आपलं शरीर बघू द्यायचं. त्या एका बदलाने तिचा आजार झाला असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण मला ते खुपतं. चाळीस वर्षं झाली, तरी खुपतं.

आता ऐकायचं काय. 'सुपरस्टार' हेडफोनवर, आवाज कमी ठेवून. त्याचा मुख्य आवाज पहिल्याच वेळेला गायलेला आहे, शब्द कागदी रुमालावर लिहिलेले होते ते वाचत. पहिली ओळ ती अगदी खाली, खर्जाच्या अंगाने उचलते. एवढ्या खाली बहुतेकांचा आवाज विरतो, हिचा तिथे दाट होतो. आणि शब्दाची शेवटची व्यंजनं बघा. ती शब्द फेकत नाही आणि गिळतही नाही, ड्रमर झांज जशी दोन बोटांत धरून बंद करतो तशी शब्द बंद करते. हे ज्याने झांज धरली आहे तोच करू शकतो असं माझं ठाम मत आहे.

मग 'गुडबाय टू लव्ह', १९७२. ओळी इतक्या लांब की श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. तुम्ही दोघी बरोबर गाऊन बघा, दुसऱ्या ओळीला दम लागेल. ती कुठे श्वास घेते ते शोधत बसा. मी पुष्कळ वर्षं शोधलं आहे.

मागचा कोरस म्हणजे तीच दोघं भावंडं. चार सुरांची रचना, आणि प्रत्येक सूर पुन्हा पुन्हा गाऊन थरावर थर चढवलेले. एकाच घरातले गळे, म्हणून ते असे मिसळतात. आपल्याकडे बहिणी-बहिणी ओव्या म्हणतात तेव्हा जसा एकच आवाज रुंद झाल्यासारखा वाटतो, तसं.

माझ्यापुरतं सांगायचं तर त्या घाटानंतर माझं वाजवणं बदलत गेलं. तोवर मी ओळ संपली की भरून काढायचो. रिकामी जागा दिसली की टॉम, टॉम, क्रॅश. लोक शिट्ट्या मारायचे. कॅसेट ऐकून ऐकून मी थांबायला शिकलो. एक-दीड वर्षाने आमच्या मुख्य गायिकेने जयसिंगपूरच्या कार्यक्रमानंतर चहा पिताना म्हटलं, "हल्ली तुम्ही माझ्या श्वासावर वाजवत नाही. गाताना बरं वाटतं." तिने कॅरनचं नाव ऐकलेलं नव्हतं. माझ्या पंधरा वर्षांतली तीच सर्वांत मोठी शाबासकी.

फोंड्याची शिक्षिका

सांगलीच्या दादांनी ड्रमचं लिहिलं, मी गळ्याचं लिहिते.

माझा आवाज जाड. लहानपणी ज्यांच्याकडे शिकायला घातलं त्यांनी सगळ्या मुलींना एकाच पट्टीत, काळी चारला बसवलेलं. तिथे माझा तारसप्तक फाटायचा. "पुरुषी आवाज आहे, कोरसमध्ये मागे उभी राहा" असं सांगितलं गेलं आणि मी आठ वर्षं मागे उभी राहिले. आपल्याकडे गंगूबाई हनगलांचं उदाहरण असूनही अकरा वर्षांच्या मुलीला ते कुणी सांगत नाही.

कॉलेजात पणजीला मैत्रिणीच्या घरी कारपेंटर्सची तबकडी ऐकली. ही बाई जिथे आरामात गात होती तो माझा सूर होता. मी बरोबर गायले आणि पहिल्यांदा गळा दुखला नाही. तिला वरचे सूर येत नव्हते असं मुळीच नाही, कोरसमध्ये कितीतरी वर जाते ती. पण सगळी माया खाली ठेवली होती. ती दोघं गंमतीने म्हणायची की पैसा तळघरात आहे. रिचर्ड गाण्यांची पट्टी त्या तळघराच्या हिशेबानेच निवडायचा.

आता मी शाळेत शिकवते. वर्गात एखादी जाड आवाजाची मुलगी दिसली की तिला पांढरी पाच नाहीतर काळी तीन अशी खालची पट्टी देते आणि 'रेनी डेज अँड मंडेज' ऐकवते. मानसी, तुमची लेक गात असेल तर तिला तिच्या सुरात गाऊ द्या, एवढंच.

योकोहामाकर

जपानमध्ये सतरा वर्षं आहे, म्हणून इथली बाजू सांगतो. कारपेंटर्स इथे कधी विस्मरणात गेलेच नाहीत. सत्तरच्या दशकात त्यांचे दौरे झाले, टोकियोचं बुदोकान सभागृह भरलं, आणि 'सिंग' हे गाणं इथल्या मुलांच्या समूहाबरोबर झालं. मग १९९५ मध्ये एका टीव्ही मालिकेत त्यांची गाणी वापरली आणि कॅरन गेली त्यानंतर जन्मलेल्या पोरांनी त्यांच्या सीड्या विकत घेतल्या. माझ्या ऑफिसातल्या साठीच्या बाई इंग्रजी बोलायला बिचकतात, पण कराओकेत 'येस्टरडे वन्स मोअर' लागलं की एकही शब्द चुकत नाही. मी एकदा विचारलं, कुठे शिकलात? म्हणाल्या, हिच्याकडेच. तिचे उच्चार इतके स्वच्छ आहेत की परक्या भाषेतल्या माणसालाही धरता येतात. सांगलीच्या काकांचं झांज धरण्याचं वाचून आज मला त्याचं कारण समजलं.

जुना_रॉकवाला

मी बरीच वर्षं या दोघांना गुळचट समजून टाळत होतो. 'गुडबाय टू लव्ह'च्या मध्ये आणि शेवटी टोनी पेलुसोची खरखरीत, फझ लावलेली गिटार येते ती ऐकली आणि बसलो. १९७२ साली संथ प्रेमगीतात असला सूर ऐकून काही चाहत्यांनी निषेधाची पत्रं पाठवली होती! १९९४ मध्ये सॉनिक यूथसारख्या बँडने 'सुपरस्टार' परत केलं, एका अख्ख्या आदरांजली-अल्बमवर. ज्यांची गिटार कानाला ओरबाडते ती मंडळी या बाईसमोर नमली. आणि तिचा एकटीचा अल्बमही ऐका. न्यूयॉर्कला निर्माता फिल रॅमोनबरोबर १९७९-८० मध्ये ध्वनिमुद्रित केला, कंपनीने ठेवून दिला, बाहेर आला १९९६ ला. तिला तो बघायला मिळाला नाही.

समुपदेशक_नाशिक

मानसी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते. किशोरवयीन मुलींबरोबर काम करते.

सांगा. पंधरा वर्षांची मुलगी स्वतः शोधणारच आहे, तर तुमच्या तोंडून ऐकू दे. पण काय सांगता ते जपून. तिचं वजन किती झालं होतं, ती काय खायची, काय घ्यायची, हे आकडे आणि तपशील अजिबात नकोत. ज्याचं मन त्या वाटेला लागलेलं असतं त्याला ते तपशील धोक्याची पाटी वाटत नाहीत, स्पर्धा वाटतात. जुने-नवे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवू नका.

सांगायचं ते असं : तिला ॲनोरेक्सिया हा आजार होता. हट्ट नव्हता, फॅशन नव्हती, आजार होता. शरीर उपाशी राहतं आणि मन ते कबूल करत नाही. शेवटी हृदयावर ताण येतो. १९८२ मध्ये ती स्वतः न्यूयॉर्कला जाऊन उपचारासाठी राहिली होती, म्हणजे तिला बरं व्हायचं होतं. त्या काळी हा आजार फार थोड्या लोकांना कळत होता. ती गेली तेव्हा घरोघरी त्याचं नाव पोहोचलं आणि कितीतरी मुलींच्या आयांना आपल्या घरात काय चाललंय ते उमगलं. आज उपचार आहेत आणि लवकर गेलं तर गुण येतो.

आणि तुमच्या मुलीबद्दल. पोळ्या मोजणं, भात सोडणं हे नुसतं वयाचंही असू शकतं. पण जेवणाच्या वेळी टाळाटाळ, पाळी चुकणं, सतत थंडी वाजणं, चक्कर, वजनकाट्यावर वारंवार जाणं यातलं काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. ताटावर लक्ष ठेवून बसू नका, ताटाला ताट लावून जेवा. "बारीक झालीस", "भरलीस" ही दोन्ही वाक्यं घरातून काही महिने हद्दपार करा. आत्या, मावशी, शेजारीण सगळ्यांना सांगून ठेवा.

मानसी_डोंबिवली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चार दिवसांनी लिहिते आहे.

शनिवारी रात्री आम्ही दोघी एकेक इअरफोन कानात घालून बसलो. 'टिकट टू राइड' तीनदा. मग 'सुपरस्टार'. काकांनी लिहिलेलं मी तिला आधी सांगितलं नव्हतं, तरी ती पहिल्या ओळीनंतर म्हणाली, "इथे मी काहीच वाजवलं नसतं." काका, हे तुम्हाला सांगायचंच होतं.

आजाराचं मी समुपदेशक ताईंच्या शब्दांत सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिला ड्रमवर परत का बसू दिलं नाही?" मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने तिने आपणहून सांगितलं की क्लासमधल्या एका मुलाने तिच्या दंडांवरून काहीतरी म्हटलं होतं, दोन महिन्यांपूर्वी. भाताचं कोडं तिथे सुटलं. पुढच्या मंगळवारी आमच्या डॉक्टर बाईंची वेळ घेतली आहे, ती यायला तयार आहे. काल वरण-भात खाल्ला. मी काही बोलले नाही.

आता तिचा प्रश्न, तिच्याच शब्दांत : "काका, मला 'टिकट टू राइड' वाजवत गायचं आहे. नुसतं वाजवलं तर येतं, नुसतं गायलं तर येतं. दोन्ही एकदम केलं की उजवा पाय शब्दांच्या मागे पळतो. कॅरनचा कसा नाही पळत?"

सांगलीचा ड्रमर

बाळ, सगळ्यांचाच पळतो. तिचाही आधी पळाला असणार.

गाणं सध्या बाजूला ठेव. पॅडवर उजवा हात हाय-हॅटचा, डावा स्नेअरचा, पाय जमिनीवर किकचा. मेट्रोनोम साठवर. तोंडाने फक्त एक-दोन-तीन-चार मोठ्याने म्हण, आठ दिवस. पाय त्या आकड्यांना चिकटेल, चिकटू दे. मग आकडे सोड आणि त्या ठेक्यावर घरातलं काहीही बोल. आईशी गप्पा मार, आजचं वेळापत्रक सांग. बोलणं मात्रेत बसता कामा नये आणि पाय बोलण्याच्या मागे जाता कामा नये. हे जमायला तीन आठवडे लागतील, माझ्याकडच्या मुलांना लागतात. मगच शब्द घे, तेही सुराशिवाय, पुटपुटत. सूर सगळ्यात शेवटी.

आणि पट्टी मूळचीच ठेवू नकोस. फोंड्याच्या बाईंना विचार, त्या तुझा सूर काढून देतील. मधे अडलं तर इथेच लिही. मी रात्री नऊनंतर असतो.